सुगीच्या टेबलावर बुश

आमच्या मंडळीत सुगीचा सण दिवाळीच्या मागेपुढे येतो. त्या रविवारी वेदीपुढे लांब टेबल मांडतात, त्यावर धुतलेली पांढरी चादर घालतात, आणि उपासनेची घंटा होण्याआधी जो तो आपलं अर्पण आणून ठेवतो. बाजरीची पायली, मक्याची कणसं, काशीफळ, दुधी, गावरान अंडी, पाय बांधलेला कोंबडा. शहरातल्या बायका विणलेला रुमाल आणतात, घरी केलेला केक आणतात. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो, दहा रुपयांचा दुधी दोनशेला जातो आणि ते पैसे मंडळीच्या कामाला लागतात.

१९९४ च्या सुगीला माझे वडील गावाहून आले होते. खांद्यावरून बाजरी आणली होती, अंबडजवळच्या आमच्या दोन एकरांतली. मी पाकिटात पन्नासची नोट घातली आणि ते टेबलाच्या कडेला ठेवलं. वडील वाईट मनानं बोलणारे नव्हते. घरी जाताना एवढंच म्हणाले, "नोट तर कुणीही ठेवील. तू वर्षभर केलं काय, ते दिसू दे की देवाला."

मी वर्षभर बुश केले होते. बुश म्हणजे गनमेटलची छोटी नळी. यंत्रात जिथं दांडा फिरतो तिथं ती बसवतात, म्हणजे महागाचा दांडा झिजत नाही, स्वस्तातला बुश झिजतो. एकदा बसवला की तो कुणाला दिसत नाही. कुणाच्या पंपात, कुणाच्या गाडीत माझ्या हातचे किती बुश फिरत असतील याचा हिशेब माझ्याजवळ नाही. पण वडिलांचा प्रश्न मनातून गेला नाही. शेतकऱ्याची बाजरी देवापुढे ठेवता येते, मग माझा बुश का नाही? आणि ठेवायचाच तर कुठल्या हक्कानं?

आयटीआय करून मी १९८९ साली औरंगाबादजवळच्या वाळूजला लागलो. बजाज ऑटोचा कारखाना तिथं १९८५ साली सुरू झाला होता, आणि त्याच्या आसऱ्यानं सुटे भाग करणारी लहान-मोठी वर्कशॉप पावसानंतरच्या गवतासारखी उगवली होती. त्यातल्याच एका वर्कशॉपमध्ये मी आधी लेथवर होतो, नंतर तपासणीच्या टेबलावर आलो. छावणीतून नगर नाका, गोलवाडी, पंढरपूर, वाळूज हा रस्ता मी बत्तीस वर्षं केला. आधी सायकलनं, मग लुनानं, मग मोटारसायकलनं. आमची साप्ताहिक सुटी रविवारी नसायची. रविवारी पहाटे पहिल्या पाळीला निघालो की छावणीतल्या चर्चचं फाटक बंद दिसायचं, घंटा व्हायला दोन-अडीच तास असायचे. सुरुवातीला त्या फाटकासमोरून जाताना मला चोरासारखं वाटायचं. माझे लोक आत गातील आणि मी तिकडं लोखंडाच्या किसात उभा असेन.

पुढं वाळूजच्या अलीकडे पंढरपूर नावाचं गाव लागतं. बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं, हे सोलापूरकडचं पंढरपूर नव्हे. आमच्याकडे याला छोटं पंढरपूर म्हणतात. विठ्ठलाचं देऊळ आहे आणि आषाढीला शहरातून माणसांच्या रांगा रात्रभर चालत तिकडं येतात. पहाटे सायकल दामटताना देवळातून काकड्याचे टाळ ऐकू यायचे. मी ख्रिस्ती माणूस, पण मराठी ख्रिस्ती माणसाला टाळ परका नसतो. आमच्या 'उपासना संगीता'त ना. वा. टिळकांची गीतं आहेत. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. त्यामुळे त्या टाळांच्या आवाजात मला सावता माळी आठवायचे. अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला अशी श्रद्धा आहे. खुरपं हातात, पायाखाली ओली माती, आणि तिथंच देव. रविवारच्या पाळीवर जाणाऱ्या पोरासाठी यापेक्षा मोठा दिलासा कुठला? काही वर्षं मी त्या दिलाशावर काढली. चर्च चुकलं तर चुकलं, माझा लेथ हाच माझा मळा, असं मी स्वतःला समजावत असे.

मग एकदा चोखोबांचं मरण वाचलं आणि तो दिलासा मोडला.

चोखामेळाही नाम घेतच काम करत होते. पण त्यांचं काम त्यांनी निवडलेलं नव्हतं, आणि त्यांना मळाही नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. कथा सांगते की नामदेव त्यांची हाडं शोधायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली. कीर्तनात हा प्रसंग आला की माणसं डोळे पुसतात. मीही पुसले आहेत. पण डोळे कोरडे झाल्यावर मला ती भिंतच दिसत राहते. ज्या गावानं चोखोबांना कुसाबाहेर ठेवलं, त्याच कुसाची भिंत ते उचलत होते. त्यांच्या हाडांत नाम मुरलं होतं हे मी मानतो. पण म्हणून ती भिंत उचलणं ही उपासना होती असं मी म्हणू लागलो, तर ती उचलायला लावणाऱ्यांची मी फुकट सुटका करतो.

हे मला परक्याचं दुःख म्हणून सुचत नाही. माझे आजोबा गावचे येसकर होते. वेशीवर जागायचं, सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचं, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, आणि सुगीला दुसऱ्यांच्या खळ्यावर जाऊन लांब उभं राहायचं. कुणी सुपातून टाकेल ते बलुतं. आमच्या घराण्यात 'सुगी' या शब्दाचा अर्थ दोन पिढ्यांपूर्वी एवढाच होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. या शहरात १९५० साली त्यांनी मिलिंद महाविद्यालय काढलं, त्यामागेही हीच जाण होती: ज्याच्या बापानं ढोरं ओढली त्याच्या लेकाला दुसरं काही करता आलं पाहिजे. 'आपलं काम हीच पूजा' हे वाक्य आजोबांना ऐकवायला मी धजणार नाही. ते त्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं होतंच, फक्त शब्द वेगळे होते.

आता आमच्या शास्त्राकडे येतो, कारण तिथंही तीच अडचण आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. ख्रिस्ती कामगाराच्या घरात कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन हमखास भिंतीवर असतं. जे काही कराल ते माणसांसाठी नसून प्रभूसाठी आहे असं समजून जीव ओतून करा, अशा अर्थाचं. माझ्या तपासणीच्या टेबलावरही ते काचेखाली होतं. कित्येक वर्षांनी एका शनिवारी शास्त्राभ्यासाला पाळकसाहेबांनी आम्हाला त्याच्या वरचं वचन वाचायला लावलं. ते दासांना उद्देशून आहे. म्हणजे विकत घेतलेल्या माणसांना. ज्यांना काम सोडता येत नव्हतं, पगार मागता येत नव्हता, त्यांना पत्र लिहिणारा पौल सांगतोय की मनापासून करा. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी काचेखालची ती पट्टी काढायचीच असं ठरवलं होतं.

पट्टी राहिली ती अनेसिमामुळे. त्याच पत्राच्या शेवटी पौल सांगतो की हे पत्र घेऊन तुखिक येत आहे आणि त्याच्या सोबत अनेसिम. फिलेमोनाच्या नावाचं छोटं पत्र वाचलेल्यांना अनेसिम ठाऊक असतो. मालकाकडून निघून गेलेला दास. पौल त्याला परत पाठवतो, पण मालकाला लिहितो की याला आता दास म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे, आणि याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. डोळ्यांपुढे आणून बघा. कलस्सैच्या त्या घरात मंडळी जमली आहे. पत्र वाचलं जातंय. दासांनो, प्रभूसाठी करा. आणि पत्र आणणाऱ्यांच्या शेजारी एक दास उभा आहे, ज्याला दास म्हणायचं नाही असं मालकाला स्वतंत्र पत्रानं कळवलं गेलंय. पौलानं दास्य मोडून काढलं असं मी म्हणणार नाही. तेवढं त्यानं केलं नाही, आणि पुढची अठरा शतकं ख्रिस्ती मालकांनी ते वचन वापरून माणसं राबवली. पण त्या खोलीत ते वचन ऐकताना एकट्या दासांनाच नव्हे, मालकांनाही खाली बघावं लागलं असेल.

काम केव्हा उपासना होतं, याचा उलगडा मला खरं तर पत्रातून झाला नाही, आजीकडून झाला. फार पूर्वी झाला होता, मला तो नीट समजायला मात्र वर्षं लागली.

आजोबा गेल्यावर आजी जालन्याच्या मिशन दवाखान्यात आया म्हणून लागली. जालन्याकडे ख्रिस्ती वस्ती जुनी. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढं पाळक होऊन ते जालन्याला आले, आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी ख्रिस्ती लोकांचं एक गाव वसवलं. गावाचं नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर. चर्चच्या इमारतीला हे नाव देणं सोपं होतं. त्यांनी ते घरं, विहीर, शेतं सगळ्यांसकट गावाला दिलं, हे मला फार आवडतं.

तर आजी दवाखान्यात बेडपॅन काढायची, रक्तानं भरलेल्या चादरी खळबळून धुवायची. मी आठवी-नववीत असताना तिला विचारलं होतं, "आजी, गावातही घाण उचलायची आणि दवाखान्यातही घाणच. मग आपल्यात बदललं काय?" ती सुपात काहीतरी पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तितं मला नावानं हाका मारायचे. पगार हातात यायचा. आन् नगं म्हनायचं असलं तर नगं म्हनता येत हुतं." आमची अंबडची दोन एकरं तिच्या त्या पगारातून घेतलेली. वडिलांनी खांद्यावरून आणलेली बाजरी तिथली होती.

पाळकसाहेबांनी एकदा निर्गमाचं पुस्तक शिकवताना एक गोष्ट सांगितली, ती इथं जोडतो. हिब्रू भाषेत 'आवोदा' असा एक शब्द आहे. शेतात राबणं, वेठीला जुंपणं आणि देवाची उपासना करणं, या सगळ्याला तोच शब्द. पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात इस्राएल लोक मिसरचा राजा फारो याच्यासाठी विटा पाडतात ती आवोदा. पाचव्या अध्यायात फारो हुकूम काढतो की विटांचा आकडा तोच राहील, पण पेंढा आता आम्ही देणार नाही, तुमचा तुम्ही गोळा करा. ज्यानं वाळूजला महिनाअखेर पाहिली आहे त्याला हा अध्याय समजावून द्यावा लागत नाही. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी तेच लोक रानात देवाचा मंडप उभारतात. बसालेल सोन्या-रुप्याचं आणि लाकडाचं काम करतो, अहलियाब विणतो, भरतकाम करतो, आणि शास्त्र म्हणतं की ही कारागिरी करता यावी म्हणून देवानं बसालेलात आपला आत्मा भरला. त्या कामालाही आवोदाच म्हटलंय. शब्द एक, हातही तेच, कदाचित घट्टेही तेच. मधल्या काळात फारोच्या वेठीतून सुटून समुद्र ओलांडला गेला होता. मंडपासाठी लोकांनी स्वखुशीनं इतकं आणलं की त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, 'आता पुरे' अशी दवंडी द्यावी लागली. फारोनं 'पुरे' कधीच म्हटलं नव्हतं. आपल्या मराठीतही 'सेवा' शब्दाचं असंच आहे. देवाची सेवा, रुग्णाची सेवा आणि सरकारी सेवा, ज्यातून माणूस 'सेवानिवृत्त' होतो.

आजीचा 'नगं' माझ्या कामात कुठं होता ते आता सांगतो. तो अक्षरशः माझ्या हातात असायचा.

बुशाचं भोक मोजायला प्लग गेज असतो. एका दांडीची दोन टोकं. एक 'गो', दुसरं 'नो-गो'. वीस मिलिमीटरचं एच-सात भोक असेल तर ते वीसपेक्षा लहान चालत नाही आणि वीस पूर्णांक शून्य दोन एकच्या वर गेलेलंही चालत नाही. म्हणजे एकवीस मायक्रॉनची मोकळीक, माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. गो टोक आपल्या वजनानं आत उतरलं पाहिजे. नो-गो तोंडावरच अडलं पाहिजे. शॉपमध्ये आम्ही म्हणायचो, "गो जातोय, नो-गो अडतोय", की जॉब पास. नवीन पोरं गो टोकाकडेच लक्ष देतात, कारण ते आत गेलं की बरं वाटतं. तपासणी शिकणं म्हणजे अडणाऱ्या टोकावर विश्वास ठेवायला शिकणं.

१९९७ सालच्या एका महिनाअखेरीला ६४० बुशांचा लॉट माझ्या टेबलावर आला. भोक मापात आणणारा रीमर बदलताना काहीतरी चुकलं होतं. दर पाच-सहा नगांमागे एकात नो-गो सरळ आत जात होता. सगळे निवडायचे तर रात्र गेली असती. गाडी फाटकावर उभी, चलन तयार. सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पास करून टाका. बसतील ते. महिनाअखेर आहे." मला त्याची अडचण कळत होती, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी होतं. मी चेकशीटवर टिक केली, सही केली. गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता आणि नेमकी मला सुटी मिळाली होती. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. मी रांगेत गुडघे टेकले. भाकरीचा तुकडा हातावर यायच्या आधी माझं लक्ष माझ्या अंगठ्याकडे गेलं. त्याच्या रेघांत तेल मुरलेलं असतं, ते साबणानं जात नाही. त्याच हातानं सही केली होती. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात देव याजकांना विचारतो की आंधळं, लंगडं जनावर माझ्या वेदीवर आणता, तेच नेऊन तुमच्या सुभेदाराला देऊन बघा, तो खूश होईल का? हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की लंगडं जनावर कोण ते. मी तुकडा घेतला नाही. मान खाली घालून परत जागेवर आलो.

आणि जागेवर बसून समोरच्या ताटाकडे बघताना एक साधी गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं दिसली नव्हती. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं गहू उचलून दिला नाही. त्यानं भाकर उचलली. द्राक्षांचा घोस दिला नाही, द्राक्षारसाचा प्याला दिला. म्हणजे त्याच्या हातात येईपर्यंत त्यावर कुणाचे तरी हात फिरले होते. कुणी दळलं, कुणी मळलं, कुणी विस्तवापुढे बसून भाजलं, कुणी द्राक्षं तुडवली. त्यांची नावं कुठल्याच शुभवर्तमानात नाहीत. पण त्यांचं काम वगळलं तर त्या रात्रीच्या मेजावर उरतं काय? वडिलांनी तीन वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वेदीवर ताटात होतं. कामाला तिथं जागा आधीपासूनच होती. अडत होतं ते माझ्या त्या लॉटपाशी.

सोमवारी मी मालकांना सांगितलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, बराच वेळ गप्प राहिले. लॉट परत मागवला. दोन रात्री बसून मी एकेक नग तपासला. ११२ बुश नो-गो जाणारे निघाले. त्या वर्षीची पगारवाढ मला मिळाली नाही आणि घरात दोन मुलांच्या फिया होत्या. हिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. आधी सही करून बसलेल्या माणसाला शौर्याचा हक्क नाही. सांगतो एवढ्यासाठी की उपासना म्हणजे कामावर असताना मनात गाणी म्हणणं, असं मी तोवर धरून चाललो होतो. गाणी मी त्या महिनाअखेरीलाही म्हणत होतो.

पॅरिसच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधू सतराव्या शतकात स्वयंपाकघरात राबला, पुढं पाय चालेना तेव्हा चपला शिवायला बसला. भांडी घासताना त्याला देव जितका जवळ वाटे तितकाच प्रार्थनेत. त्याच्यावरचं पुस्तक जगभर वाचतात, मलाही ते प्रिय आहे. पण माझ्यासारख्याला त्याहून जवळची वाटते ती केडगावची मुक्ती ही संस्था. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून शेकडो मुली, बायका तिथं आणल्या. ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा. तिथं त्या विणायला शिकल्या, तेल गाळायला शिकल्या, आणि छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणत होत्या, ऐकू कमी येत होतं, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, आणि पूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून आलं. खिळे जुळवणं म्हणजे अक्षर आरशातल्यासारखं उलटं वाचायचं, एकेक कानामात्रा चिमटीनं बसवायची. एक वेलांटी चुकली तर वचन बदलतं. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीच्या बोटांवर इतका भरवसा टाकला गेला. तिच्या पानाचं प्रूफ कुणीतरी वाचलं, चूक दाखवली, तिनं खिळा काढून दुसरा बसवला. मला वाटतं ती चूक दाखवणं हाही तिचा सन्मान होता. जिच्याकडून काही अपेक्षाच नाही तिची चूक कुणी दाखवत नाही.

कामाचा असाच मान मला आणखी एका ठिकाणी दिसतो. वेरूळला मुलांना घेऊन गेलो की मी दहाव्या लेण्यात जास्त वेळ थांबतो. त्याला सुतार का झोपडा म्हणतात, विश्वकर्मा लेणंही म्हणतात. चैत्य बौद्धांचा, सातव्या शतकाच्या आसपासचा. छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, लाकडी तुळयांसारख्या. दगडाला तुळयांची गरज नाही, डोंगर आपला आपण उभा आहे. ज्या कुणी त्या कोरल्या त्यांना आपल्या आधीच्या सुतारांचं लाकूडकाम विसरायचं नसावं, असं मला वाटतं. माझा प्रभूही सुताराच्या घरातला. तीसेक वर्षं त्यानं काय केलं याबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ काही सांगत नाहीत. त्या मौनात मी बऱ्याचदा जाऊन बसतो. नासरेथमध्ये त्यानं केलेलं एखादं जू बैलाच्या मानेला काचलं नसेल, एवढं तरी मी समजून चालतो.

आता ज्या गोष्टीनं मला झोप लागत नाही ती. निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. मंडळीतली पाच-सहा पोरं आज वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत जातात, जवळजवळ सगळी ठेकेदाराकडे. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या फाटकावर उभं राहायचं. त्यांच्यापैकी एकजण तरुणांच्या सभेत मला म्हणाला, "काका, तुम्ही मालकाला जाऊन सांगितलंत. तुमचं इन्क्रिमेंट गेलं. मी सांगितलं तर माझा गेटपास जातो." मला उत्तर देता आलं नाही. 'प्रभूसाठी कर' असं त्याला सांगायला मी तोंड उघडलं आणि आजी आठवली. नाव, पगार, आणि नगं म्हणता येणं. तिच्या तीनांपैकी एकच गोष्ट या पोराकडे आहे, आणि तीही वेळेवर नाही. याकोबाच्या पत्रात म्हटलंय की अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोचतो. मंडळीनं तो आक्रोश नुसता ऐकून सोडायचा का? पोराला सुगीला अर्पण आणायला सांगायचं आणि त्याच्या पगाराची स्लिप कुणी बघायची नाही, हे मला पटत नाही. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघंतिघं निवृत्त कामगार मागच्या बाकावर बसतो. पोरं पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड, पगाराची स्लिप आणतात. कुणाचे किती दिवस कापले, ओव्हरटाइम लागला का, हे कागद पुढं ठेवून बघतो, कामगार अधिकाऱ्याला अर्ज लिहायचा तर लिहून देतो. सुरुवातीला एकदोघांना वाटलं की हे चर्चमध्ये कशाला. पाळकसाहेबांनी स्वतःची खुर्ची उचलून आमच्या बाकाशेजारी आणून ठेवली, तेव्हापासून कुणी काही म्हटलं नाही.

वडील १९९६ साली गेले. १९९८ च्या सुगीला मी मालकांकडे एका बुशाचे पैसे भरले, रीतसर चलन करून घेतलं आणि तो टेबलावर ठेवला, काशीफळ आणि अंड्यांच्या मधे. पाळकसाहेबांनी उचलून विचारलं, "हे काय?" मी म्हणालो, "सुगी." त्यांनी तो जागेवर ठेवला. तेव्हापासून दरवर्षी एक ठेवतो. निवृत्त झाल्यावरही जुन्या ओळखीनं एका वर्कशॉपमध्ये उभा राहून स्वतः एक करून आणतो. लिलावात बहुतेकदा आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त सिस्टर तो घेतात आणि औषधांच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून वर ठेवतात.

गेल्या सुगीला त्यांनी शंभराची बोली केली आणि मागून कुणीतरी दीडशे म्हणालं. वळून पाहिलं तर तोच पोरगा, गेटपासवाला. दीडशे रुपये म्हणजे त्याच्या खिशाला काय ते मला माहीत होतं, मी हातानं नको नको केलं, त्यानं न पाहिल्यासारखं केलं. सिस्टर हसून थांबल्या. त्यानं पैसे मोजून दिले, बुश घेतला, उजेडाकडे धरून आतून बघितला, आणि मग अंगठ्याचं नख तोंडाच्या कडेवरून सावकाश फिरवलं, कुठं धातूची बारीक बर राहिलीय का ते बघायला.